क्रमिक पुस्तकांवरचे कर्ज

जून महिना उजाडला की पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात जी गर्दी उसळते, ती ज्याने पाहिली आहे त्याला पुस्तकांच्या धंद्याचे एक सत्य वेगळे सांगावे लागत नाही. येथे गिऱ्हाईक घासाघीस करीत नाही. त्याच्या हातात शाळेने किंवा कॉलेजने दिलेली यादी असते. यादीत पुस्तकाचे, प्रकाशकाचे नाव आणि आवृत्तीचे साल असते. दुकानदार सांगेल ती किंमत देऊन तो बाहेर पडतो. कापडाच्या दुकानात जी माणसे चार-चार ठाण उलगडायला लावतात, तीच माणसे येथे निमूटपणे पिशवी पुढे करतात. पुस्तक निवडतो शिक्षक, किंमत ठरवतो प्रकाशक आणि पैसे भरतो विद्यार्थ्याचा बाप. औषधाच्या चिठ्ठीखेरीज इतकी अडलेली खरेदी बाजारात दुसरी कोणती नसेल.

ज्या धंद्यात गिऱ्हाइकाला ‘नको’ म्हणण्याची सोय नाही, त्या धंद्याकडे पैशाच्या बाजारातील चाणाक्ष मंडळींची नजर गेली नसती तरच नवल. ती कशी गेली आणि पुढे काय घडले, ही हकिगत मुख्यतः अमेरिकेची आणि इंग्लंडची आहे. पण तीत येणारी नावे मराठी वाचकाला परकी नाहीत. प्रस्तुत लेखकाच्या पिढीने अर्थशास्त्र शिकले ते पॉल सॅम्युअलसनच्या जाडजूड ग्रंथावर. १९४८ साली मॅकग्रॉ-हिलने काढलेल्या या ग्रंथाची स्वस्त आवृत्ती टाटांच्या भागीदारीत १९७० साली स्थापन झालेल्या कंपनीमुळे आमच्यासारख्यांच्या हाती आली. इंजिनिअरिंगला गेलेले मित्र प्रेंटिस हॉलची पुस्तके छातीशी धरून हिंडत. लाँगमन आणि मॅकमिलन ही नावे तर आमच्या आधीच्या पिढ्यांनी इंग्रजीच्या पहिल्या धड्यापासून पाहिलेली. ही सारी आम्हांला विद्यापीठांसारखीच अचल वाटत. प्रत्यक्षात ती नावे हातोहात विकली जात होती.

प्रेंटिस हॉलचेच पाहा. १९८४ साली ही संस्था ‘गल्फ अँड वेस्टर्न’ नावाच्या उद्योगसमूहाने घेतली. मोटारीच्या सुट्या भागांपासून सुरुवात करून जस्त, साखर आणि चित्रपट असा मिळेल त्या धंद्यात शिरलेला हा समूह. पुढे त्याने पॅरामाउंट हे आपल्या चित्रपट कंपनीचे नाव धारण केले. १९९४ साली पॅरामाउंटला दूरचित्रवाणीच्या धंद्यातील व्हायाकॉमने गिळले. व्हायाकॉमला करमणूक हवी होती, पाठ्यपुस्तके नको होती. म्हणून १९९८ साली हा सारा शैक्षणिक विभाग ४६० कोटी डॉलरला इंग्लंडच्या पिअर्सन कंपनीने घेतला. चौदा वर्षांत घरावरची पाटी अशी बदलत गेली. पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर मात्र जुनेच नाव कायम होते, कारण विकत घेणाऱ्याने किंमत मोजली होती ती त्या नावाचीच.

आणि ही पिअर्सन तरी कोण? १८४४ साली यॉर्कशायरमध्ये सॅम्युअल पिअर्सन याने काढलेली बांधकामाची पेढी. त्याचा नातू वीटमन याने बोगदे खणले, मेक्सिकोत रेल्वे बांधली, तेथेच तेल काढले आणि १९१९ मध्ये तेलाचा व्यवसाय रॉयल डच शेलच्या हवाली केला. घराण्याजवळ पैसा होता. तो पुढे वृत्तपत्रांत गेला, १९५७ मध्ये ‘फायनान्शियल टाइम्स’ आला, १९६८ मध्ये लाँगमन आणि १९७० मध्ये पेंग्विन. मादाम तुसाँचे मेणाचे पुतळेही वीस वर्षे याच कंपनीच्या मालकीचे होते. पाठ्यपुस्तके, पुतळे आणि गुलाबी कागदावरचे अर्थवृत्तपत्र यांचा एकमेकांशी संबंध काय, असा प्रश्न त्या काळी कोणी फारसा विचारला नाही.

याहूनही चमत्कारिक उदाहरण हार्कोर्ट या संस्थेचे. १९१९ साली न्यूयॉर्कमध्ये दोन तरुणांनी काढलेली ही प्रकाशनसंस्था. व्हर्जिनिया वुल्फ, टी. एस. एलियट, जॉर्ज ऑर्वेल यांचे ग्रंथ अमेरिकेत तिने आणले. पण तिचा खरा पैसा शालेय पुस्तकांत होता. कोळशाच्या खाणीत राबलेल्या एका स्थलांतरित मजुराचा मुलगा विल्यम योव्हानोविच हा पाठ्यपुस्तकांचा विक्रेता म्हणून येथे नोकरीला लागला, अध्यक्ष झाला, आणि १९७० मध्ये संस्थेच्या नावात त्याचे आडनावही जोडले गेले. योव्हानोविच वाचणारा, लिहिणारा माणूस. तरीही १९७६ साली त्याने ‘सी वर्ल्ड’ ही करमणुकीची उद्याने खरेदी केली. ज्या कंपनीच्या नावाने मुले व्याकरण घोकत होती, तीच आता देवमाशांच्या उड्या दाखवून तिकिटे विकू लागली.

१९८७ मध्ये रॉबर्ट मॅक्सवेल या ब्रिटिश प्रकाशक-धनिकाने हार्कोर्टवर झडप घातली. चेकोस्लोव्हाकियात जन्मलेल्या या गृहस्थाने १९५१ नंतर पर्गमॉन प्रेसच्या वैज्ञानिक नियतकालिकांवर आपले साम्राज्य उभे केले होते. विद्यापीठांच्या ग्रंथालयांना नियतकालिके घ्यावीच लागतात, हे ज्यांना फार लवकर उमगले त्यांपैकी तो एक. हार्कोर्टसाठी त्याने सुमारे २०० कोटी डॉलर देऊ केले. योव्हानोविच बिथरला. कंपनी मॅक्सवेलच्या हाती पडू नये म्हणून त्याने कंपनीच्या नावावर प्रचंड कर्ज काढले आणि त्यातून प्रत्येक भागामागे ४० डॉलरचा खास लाभांश भागधारकांना वाटून टाकला. हेतू एवढाच, की अशी कर्जबाजारी नवरी मॅक्सवेलने पत्करू नये. डाव साधला, मॅक्सवेल परतला. पण प्रकाशनसंस्थेच्या डोक्यावर जवळपास ३०० कोटी डॉलरचा बोजा बसला. दोन वर्षांत उद्याने एका बीअर कंपनीला ११० कोटींना विकावी लागली, आणि १९९१ मध्ये हार्कोर्टही चित्रपटगृहांची साखळी चालवणाऱ्या जनरल सिनेमा कंपनीकडे गेली. दहा वर्षांनी, २००१ मध्ये, ती रीड एल्सेविअरकडे आली.

मॅक्सवेलचे पुढे काय झाले हे सर्वश्रुत आहे. १९८८ मध्ये त्याने अमेरिकेतील मॅकमिलन कंपनी २६० कोटी डॉलरना घेतली. (लंडनच्या मूळ मॅकमिलनशी तिचा संबंध केव्हाच तुटलेला होता.) तीही कर्जानेच. ५ नोव्हेंबर १९९१ रोजी कॅनरी बेटांजवळ समुद्रात त्याचे प्रेत सापडले, आणि मग त्याच्या वृत्तपत्रांतील कामगारांच्या पेन्शन फंडातील कोट्यवधी पौंड त्याने कर्जे भागवण्यासाठी उचलल्याचे उघडकीस आले. निवृत्तिवेतनावर ज्यांची म्हातारपणाची भिस्त आहे अशा वाचकांना त्या कामगारांची अवस्था समजावून सांगण्याचे कारण नाही.

येथवरची हकिगत धाडसी, लहरी माणसांची आहे. त्यांच्या हातून धंदा बिघडला असेल. पण त्यांना पुस्तकांचे काही वेड तरी होते. २००० सालानंतर जी मंडळी आली त्यांना वेड कसलेच नव्हते. त्यांची रीत समजून घेण्यासारखी आहे. समजा, एखाद्याने पेठेतला भाडेकरूंनी भरलेला जुना वाडा विकत घेतला. किमतीतला थोडा हिस्सा त्याने पदरचा घातला, बाकीचे कर्ज काढले. येथपर्यंत नवे काही नाही. पण ते कर्ज त्याने स्वतःच्या नावावर न ठेवता वाड्याच्याच नावावर चढवले. हप्ते भाड्यातून वसूल करायचे. भाडे वाढवता आले तर वाढवायचे, वाड्याची डागडुजी थांबवायची, मागची पडवी विकायची, आणि पाच-सहा वर्षांत सारा वाडा दुसऱ्याच्या गळ्यात मारून मोकळे व्हायचे. वाडा कोसळलाच तर बुडणार ते सावकाराचे कर्ज आणि आपला पदरचा थोडका पैसा. खाजगी भांडवलाच्या ज्या गुंतवणूक संस्था म्हणतात, त्यांचा मुख्य व्यवहार हाच. पाठ्यपुस्तकांची कंपनी त्यांना आवडली ती येथले भाडेकरू, म्हणजे विद्यार्थी, दरवर्षी नव्याने येतात आणि वाडा सोडून जाऊ शकत नाहीत, या एका गुणामुळे.

बॉस्टनच्या हॉटन मिफ्लिनची कथा या दृष्टीने मुळातून पाहावी अशी आहे. एमर्सन, लाँगफेलो, थोरो, हॉथॉर्न यांचे साहित्य ज्या घराच्या यादीत होते ते हे घर; १८८० पासून याच नावाने चाललेले. २००१ साली ते फ्रान्सच्या व्हिव्हांदी कंपनीने कर्जासह सुमारे २२० कोटी डॉलरना घेतले. व्हिव्हांदी ही मुळात फ्रेंच शहरांना नळाचे पाणी पुरवणारी कंपनी. जाँ-मारी मेसिए या अध्यक्षाच्या महत्त्वाकांक्षेने ती चित्रपट, संगीत आणि प्रकाशन यांत उतरली होती. वर्षभरात मेसिए यांना पायउतार व्हावे लागले आणि २००२ च्या अखेरीस हॉटन मिफ्लिन १६६ कोटींना बोस्टनच्या दोन गुंतवणूक संस्था व त्यांचे साथीदार यांच्याकडे गेली. चार वर्षांनी, २००६ मध्ये, त्यांनी ती जवळजवळ दुप्पट किमतीला रिव्हरडीप या आयरिश सॉफ्टवेअर कंपनीला विकली. या चार वर्षांत मुलांना गणित दुप्पट येऊ लागले होते असे नव्हे. कर्ज स्वस्त मिळत होते, एवढेच.

रिव्हरडीपचा प्रमुख तरुण होता आणि त्याला सारी बाजारपेठच हवी होती. २००७ मध्ये त्याने आणखी ४०० कोटी डॉलर उभे करून रीड एल्सेविअरकडून हार्कोर्टचा शालेय विभागही घेतला. देवमाशांच्या हार्कोर्टचे नाव असे फिरून फिरून हॉटन मिफ्लिनला येऊन चिकटले. दुसऱ्याच वर्षी अमेरिकेवर आर्थिक अरिष्ट कोसळले. राज्यांची तिजोरी आटली, शाळांनी पुस्तकांची खरेदी पुढे ढकलली. व्याजाचा हप्ता मात्र पुढे ढकलता येत नव्हता. नोव्हेंबर २००८ मध्ये या प्रकाशनसंस्थेने आपल्या संपादकांना सांगितले की तूर्त नवी हस्तलिखिते स्वीकारू नका. एमर्सन आणि थोरो यांचा वारसा सांगणाऱ्या घराचा हा आदेश! पिठाच्या गिरणीने दळण घेऊ नये तसा. मे २०१२ मध्ये कंपनीने दिवाळखोरीच्या कायद्याचा आसरा घेतला आणि ३१० कोटी डॉलरच्या कर्जाच्या बदल्यात धनको मालक झाले. मग २०१३ मध्ये शेअर बाजार, २०२१ मध्ये कर्ज कमी करण्यासाठी साहित्यविभागाची मर्डॉक यांच्या हार्परकॉलिन्सला विक्री, आणि २०२२ मध्ये २८० कोटींना पुन्हा एका नव्या गुंतवणूक संस्थेच्या हाती. ज्या पडवीमुळे वाड्याला नाव होते ती पडवीच गेली. उरला तो शाळांना पाठ्यपुस्तके आणि संगणकावरचे धडे पुरवणारा कारखाना.

ही एकाच घराण्याची दुर्दैवी कहाणी म्हणावी, तर बाकीच्यांची पत्रिका वेगळी नाही. थॉमसन कंपनीचा शैक्षणिक विभाग २००७ मध्ये ७७५ कोटी डॉलरना विकला गेला, त्याचे नाव सेंगेज असे ठेवले गेले आणि २०१३ मध्ये ५८० कोटींच्या कर्जाखाली तोही दिवाळखोरीच्या न्यायालयात उभा राहिला. मॅकग्रॉ-हिलने तर आपल्या वंशावळीलाच कात्री लावली. तिच्या मालकीची ‘स्टँडर्ड अँड पुअर्स’ ही पतमापन संस्था होती. कोणाची पत किती हे जगाला सांगणाऱ्या या संस्थेचा नफा पुस्तकांपेक्षा भागधारकांना अधिक प्रिय होता. तेव्हा मूळ घराने पतमापन ठेवले आणि ज्या पुस्तकांच्या धंद्याने घराला नाव दिले तो २०१३ मध्ये २४० कोटींना अपोलो या गुंतवणूक संस्थेला दिला. तिने तो २०२१ मध्ये ४५० कोटींना दुसऱ्या अशाच संस्थेला विकला, आणि जुलै २०२५ मध्ये मॅकग्रॉ-हिल पुन्हा शेअर बाजारात उतरली. मधल्या काळात, मे २०१९ मध्ये, सेंगेज आणि मॅकग्रॉ-हिल यांनी एक होण्याचे जाहीर केले होते. सरकारच्या स्पर्धारक्षक खात्याने त्यासाठी बरीच पुस्तके विकून टाकण्याची अट घातली, तेव्हा वर्षभराने तो बेत सोडावा लागला.

हे कर्ज फेडले कोणी? शालेय पुस्तके अमेरिकेत बहुधा सार्वजनिक पैशाने घेतली जातात. तेथे टेक्सास, कॅलिफोर्निया यांसारखी मोठी राज्ये सौदा करू शकतात. कॉलेजचा विद्यार्थी मात्र एकटा असतो. अमेरिकी काँग्रेसच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २००५ साली दिलेला अहवाल सांगतो की, डिसेंबर १९८६ ते डिसेंबर २००४ या काळात कॉलेजच्या पुस्तकांच्या किमती १८६ टक्क्यांनी, म्हणजे सर्वसाधारण महागाईच्या दुप्पट वेगाने वाढल्या. पुढल्या दशकात, जानेवारी २००६ ते जुलै २०१६ मध्ये, त्या आणखी ८८ टक्क्यांनी वाढल्याचे तेथील श्रमसांख्यिकी खात्याचे आकडे आहेत. एवढी वाढ कशाने? कागद आणि शाई यांना दोष देण्यात अर्थ नाही. दर तीन-चार वर्षांनी नवी आवृत्ती काढायची, प्रकरणांचा क्रम बदलायचा, उदाहरणांचे आकडे फिरवायचे. कलनशास्त्रात तीन वर्षांत असे काय नवे घडते? पण गृहपाठ ‘पान २१४, प्रश्न ७’ असा दिला जातो, आणि जुन्या आवृत्तीत त्या पानावर भलताच प्रश्न असतो. त्यामुळे थोरल्या भावाचे पुस्तक धाकट्याला चालत नाही. नव्या आवृत्तीचा खरा शत्रू जुने पुस्तक असते, अज्ञान नव्हे.

हा डाव विद्यार्थ्यांनीही ओळखला, आणि त्यातील एकाने त्याला दिलेले उत्तर थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचले. सुपाप कीर्तसेंग हा थायलंडमधून कॉर्नेल विद्यापीठात गणित शिकायला आलेला मुलगा. अमेरिकेत जे पुस्तक दामदुपटीने विकले जाते तेच, त्याच मजकुराचे, आशियाई आवृत्तीत मायदेशी स्वस्तात मिळते हे त्याच्या लक्षात आले. आपल्याकडच्या विद्यार्थ्यांनाही अशा पुस्तकांच्या मलपृष्ठावरची ‘फक्त या देशांतच विक्रीसाठी’ ही तंबी पाठ आहे. कीर्तसेंगने घरच्या मंडळींना आणि मित्रांना पुस्तके पाठवायला सांगितले, ती अमेरिकेत विकली आणि आपला खर्च भागवला. विली या प्रकाशकाने त्याला कोर्टात खेचले; ज्यूरीने आठ पुस्तकांबद्दल सहा लाख डॉलर भरपाई ठोठावली. १९ मार्च २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी निकाल दिला: पुस्तक एकदा कायदेशीरपणे विकले की, ते जगात कोठेही छापलेले असो, पुढे कोणाला विकावे हे प्रकाशकाने सांगायचे नाही. एका विद्यार्थ्याने जिंकलेला हा खटला फार मोठा होता, कारण विकत घेतलेली वस्तू आपली असते हे साधे तत्त्व त्यात पणाला लागले होते.

परंतु विजय कागदी पुस्तकापुरता होता, आणि प्रकाशकांनी तर कागदच सोडायचे ठरवले. जुलै २०१९ मध्ये पिअर्सनने जाहीर केले की अमेरिकेतील आपली दीड हजार पाठ्यपुस्तके यापुढे आधी संगणकावर निघतील. सेंगेजने त्याच्या आदल्या वर्षी सर्व पुस्तके सत्राला सुमारे १२० डॉलर वर्गणीत वाचायला देण्याची योजना आणली. तिच्यामुळे आपले मानधन बुडते म्हणून लेखकच न्यायालयात गेले. किमती खाली आल्या हे प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे. पण त्याबरोबर जे गेले तेही पाहिले पाहिजे. गृहपाठ आता प्रकाशकाच्या यंत्रावर करायचा आणि त्याला लागणारी संकेतसंख्या नवी विकत घ्यायची. सत्र संपले की दार बंद. असले पुस्तक धाकट्या भावाला देता येत नाही, रद्दीच्या दुकानात सापडत नाही, परीक्षेनंतर दहा वर्षांनी उघडून समासातले आपलेच कच्चे अक्षर पाहून हसता येत नाही. कीर्तसेंगने जिंकलेला हक्क बजावण्यासाठी हातात वस्तू तर असायला हवी! आणि पिअर्सन? जी शैक्षणिक संपत्ती तिने शेकडो कोटींना जमवली, त्यातला अमेरिकी शालेय पुस्तकांचा भाग तिने २०१९ मध्ये २५ कोटी डॉलरना काढून टाकला, तेही बहुतेक पैसे मागाहून मिळण्याच्या बोलीवर.

आपल्याकडे हा वारा कितपत पोचला आहे? महाराष्ट्रातील बहुसंख्य मुलांना तो फारसा लागलेला नाही, आणि त्याचे श्रेय २७ जानेवारी १९६७ रोजी स्थापन झालेल्या बालभारतीला आहे. त्याआधी खाजगी वाचनमाला होत्या आणि त्यांत आचार्य अत्रे यांच्या ‘नवयुग वाचनमाले’सारखी रसरशीत पुस्तकेही होती, सरकारी समितीच्या पुस्तकाला तो रस क्वचितच साधतो, हे मान्य केलेच पाहिजे. एकाच घरातून सारी पुस्तके निघाली की चूकही सगळ्या राज्याची होते. २०२३ मध्ये पुस्तकांतच वहीची कोरी पाने घालण्याची टूम निघाली आणि दोन वर्षांत ती मागेही घेतली गेली, हे ताजे उदाहरण आहे. तरीदेखील बालभारतीच्या पुस्तकावर कोणाचे व्याज चढलेले नाही, आणि ते संकेतस्थळावर कोणालाही फुकट उतरवून घेता येते. हॉटन मिफ्लिनची कथा वाचल्यावर या गोष्टीचे मोल कळते.

मात्र इंग्रजी माध्यमाच्या खाजगी शाळांत चित्र निराळे आहे. तेथे एन.सी.ई.आर.टी.च्या स्वस्त पुस्तकांच्या जोडीला किंवा त्यांच्या जागी खाजगी प्रकाशकांचे संच लावले जातात, आणि त्या धंद्यात भांडवल शिरलेले आहे. दिल्लीची एस. चांद ही १९३९ सालची पेढी. बी.एस्सी. करणाऱ्या कोणत्या मराठी मुलाच्या टेबलावर तिचे पुस्तक नव्हते? तिने गुंतवणूकदारांच्या पैशाने विकास, सरस्वती हाउस, कोलकात्याचे छाया प्रकाशनी अशा संस्था एकामागून एक घेतल्या आणि २०१७ मध्ये ६७० रुपये भावाने शेअर विकून ती बाजारात उतरली. तीन वर्षांत तो भाव शंभराच्या खाली गेला. पुस्तकाचा धंदा वर्षातून एकदा पिकणारा, त्याला दर तिमाहीला पीक दाखवण्याची सक्ती मानवत नाही. त्याहून मोठा धडा बायजूज कंपनीने दिला. २०१७ मध्ये पिअर्सनचा येथील शिकवणीचा व्यवसाय हिनेच घेतला होता. २०२१ मध्ये तिने १२० कोटी डॉलरचे कर्ज उभारले, देशोदेशीच्या संस्था खरेदी केल्या, आणि जुलै २०२४ मध्ये तिच्यावर नादारीची कारवाई सुरू झाली. शिकवणीसाठी बापाने काढलेल्या कर्जाचे हप्ते फेडणारी घरे आपल्या ओळखीत कोणाला सापडणार नाहीत?

मालक व्यापारी असला म्हणजेच विद्यार्थ्याची अडवणूक होते, असेही मानण्याचे कारण नाही. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांच्या प्रकाशनसंस्था विद्यापीठांच्याच आहेत. तेथे कोणी गुंतवणूकदार बसलेला नाही. तरी दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारातील रामेश्वरी फोटोकॉपी या छोट्या दुकानावर ऑगस्ट २०१२ मध्ये दावा लावणाऱ्या तिघांत या दोघी होत्या. तिसरी टेलर अँड फ्रान्सिस. गुन्हा काय, तर प्राध्यापकांनी नेमलेली निरनिराळ्या ग्रंथांतील प्रकरणे एकत्र करून त्यांच्या झेरॉक्स प्रती दुकानदार विद्यार्थ्यांना देत होता. ज्यांची पुस्तके हे प्रकाशक छापतात त्या अमर्त्य सेन यांनीच पत्र लिहून त्यांना फेरविचार करायला सांगितले. १६ सप्टेंबर २०१६ रोजी न्यायमूर्ती राजीव सहाय एंडलॉ यांनी दावा फेटाळला. शिकवण्याच्या ओघात शिक्षक व विद्यार्थी यांनी केलेल्या प्रतींना १९५७ च्या कायद्याने दिलेली सूट वर्गाच्या चार भिंतींपुरती नाही, आणि लेखनहक्क हा काही ईश्वरदत्त हक्क नव्हे, असा त्या निकालाचा आशय होता. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये खंडपीठाने ही सूट मान्य केली, पण नेमलेली प्रकरणे अभ्यासक्रमाला खरोखर आवश्यक होती काय, हे तपासण्यासाठी दावा परत पाठवला. मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी तो मागे घेतला. आपल्या देशातील शिक्षकवर्गाला या निकालाने केवढी मोकळीक दिली आहे, याची कल्पना अनेक महाविद्यालयांतील ग्रंथपालांना अजून नाही. झेरॉक्सच्या दुकानावर ते चोरासारखे वावरतात.

संशोधनपत्रिकांच्या बाबतीत सरकारने दुसरा मार्ग धरला आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये मंजूर करून तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार नियतकालिके सरकारी उच्च शिक्षणसंस्थांना एकत्र उपलब्ध करण्याची योजना स्वीकारली. तालुक्याच्या सरकारी महाविद्यालयातील प्राध्यापकाला यामुळे प्रथमच ही दारे उघडली, ही आनंदाची गोष्ट. पण मॅक्सवेलला जे फार लवकर उमगले होते, ते या आकड्यात आजही स्पष्ट वाचता येते. वस्तुतः त्या नियतकालिकांतील बरेच निबंध आपल्याच संशोधकांनी विनामूल्य लिहिलेले, विनामूल्य तपासलेले असतात, आणि त्यांची पाने चेन्नई, पुदुच्चेरी, नोएडा येथील कचेऱ्यांत आपलीच मुले रात्रपाळी करून जुळवतात.

शिक्षकवर्गाविषयी एक गोष्ट सांगायची राहिली. प्रकाशकांचे प्रतिनिधी मार्च-एप्रिलमध्ये शाळा-कॉलेजांतून हिंडतात आणि शिक्षकांना नमुना प्रती देऊन जातात. यात गैर काही नाही. पुस्तक पाहिल्याशिवाय ते लावावे कसे? पण प्रस्तुत लेखकाच्या बत्तीस वर्षांच्या नोकरीत शिक्षकांच्या खोलीत या प्रतींवर चर्चा झाली ती मांडणीची, चित्रांची, क्वचित चुकांची. प्रतीच्या मलपृष्ठावरची किंमत कोणी मोठ्याने वाचली आहे, असे एकदाही आठवत नाही. मीही वाचली नाही. नमुना प्रतीला किंमत द्यावी लागत नसल्याने तिकडे नजरच जात नसे. निवृत्त झाल्यावर नातवासाठी यादी घेऊन मी प्रथमच त्या चौकात रांगेत उभा राहिलो. पुढच्या पदपथावर जुन्या पुस्तकांचा ढीग होता. त्यात ‘शिक्षकांसाठी भेट, विक्रीसाठी नाही’ असा शिक्का मारलेली, पान न उलगडलेली चार-पाच पुस्तके होती. नातवाच्या यादीतले एक त्यांत निघाले. विक्रेत्याने निम्मी किंमत सांगितली आणि मी ती दिली.